छपराच्या अस्तराची दुरुस्ती

कौलांच्या फटींतून झिरपलेले पाणी वळचणीकडे वाहून नेण्यासाठी वासे व रिपा यांच्यामध्ये घातलेला डांबरी किंवा प्लॅस्टिकचा पातळ थर म्हणजे छपराचे अस्तर होय. बासेल मिशनने १८६० च्या दशकात मंगलोर येथे सुरू केलेल्या मंगलोरी कौलांच्या छपरांतही ते वापरता येते.

उष्णतेने डांबरी थर ठिसूळ होतो. उंदीर व खिळे यांमुळेही तो फाटतो. गळणारे पाणी वाशावरून उताराने ओघळत असल्याने डागाच्या वरच्या अंगास फाट शोधावी लागते.

दुरुस्ती माळ्यावरून केल्यास कौलांवर चढण्याचा धोका टळतो. फाटीच्या खालच्या टोकाशी आडवी चीर पाडतात. नव्या तुकड्याची वरची कड व बाजू अस्तराला खालून डांबरी चिकटद्रव्याने जोडतात. खालची कड चिरेतून बाहेर सरकवून खालच्या अस्तरावर पसरतात. तुकडा सर्व कडांनी केवळ खालून चिकटविल्यास त्यात पाणी साचते व कालांतराने लाकूड कुजते. अस्तराखाली फळ्यांची तक्तपोशी असल्यास मात्र कौले उतरवावीच लागतात.

सायखेडा (ता. निफाड, जि. नाशिक) या गोदावरीकाठच्या गावी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्यामुळे तेथे हे काम शाकारणीबरोबरच मेअखेर उरकणे इष्ट ठरते.