भोसल्यांच्या विखुरलेल्या समाध्या

आनेकल तालुक्यात शेताच्या बांधालगत, चिंचेखाली नाहीतर विहिरीच्या अंगाला, दोन-चार दगडी चौथरे दिसतात. ती त्या घरची माणसे. बंगळुरूभोवतालच्या पुष्कळ शेतकरी घरांत वडीलधाऱ्यांना आपल्याच जमिनीत पुरण्याची चाल आहे. गावाचे स्मशान असले तरी घराचा कोपरा वेगळा. अमावास्येला तिथे दिवा लागतो, नवे पीक आले की नैवेद्य जातो. चंदापूर, अत्तिबेले, जिगणी या पट्ट्यात आता शेतांची लेआउट झाली आहेत आणि व्यवहाराला बसले की चौथऱ्यापुरती जमीन मागे ठेवायची की नाही, यावर भावाभावांत बोलाचाली होते.

मराठी मुलुखात लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांच्याकडे पुरण्याची रीत आहे; बाकीचे बहुतेक दहन करतात. तरी नामवंत घराण्यांत दहनाच्या जागी चौथरा, छत्री किंवा वृंदावन उभे राही. मग आनेकलच्या चौथऱ्यांकडे पाहताना साहजिकच मनात येते की, ज्या मराठी घराण्याने याच बंगळुरूतून कारभार केला, त्या भोसल्यांच्या घराचा कोपरा कुठे आहे?

तो एका जागी नाहीच, आणि त्याचे कारण त्यांच्या चाकरीत आहे. भोसले मूळचे पाटील. वेरूळ, हिंगणी, देऊळगाव अशी त्यांची पाटिलकीची गावे. पाटील गावातच जगतो आणि गावातच संपतो. पण मालोजीराजे निजामशाहीचे सरदार झाले आणि इंदापूरच्या लढाईत पडले, गावापासून दूर. तिथून पुढे जहागिरीने या घराला जे घोड्यावर बसवले ते शंभर वर्षे उतरवले नाही.

जिजाबाईंच्या माहेरची गोष्ट याच्या उलट. सिंदखेडचे जाधव वतनदार देशमुख. लखुजी जाधव, त्यांचे दोन मुलगे आणि नातू यांना 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी कापून काढले. मेले परक्या दरबारात, पण समाधी झाली सिंदखेडलाच, आणि तीही अशी भव्य की लांबून पाहणाऱ्याला एखादे मोठे देवालयच वाटावे. 2024 मध्ये पुरातत्त्व खात्याचे जतनाचे काम चालू असताना या समाधीच्या परिसरात जमिनीखाली जुन्या मंदिराचा पाया आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. चारशे वर्षे जाधवांच्या समाधीशेजारी देव निजलेला होता आणि कुणाला पत्ता नव्हता!

1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या हवाली झाले. आनेकलला तेव्हा पाळेगार होते. तिथून बंगळुरूची पेठ आज तासा-दीड तासाची वाट (वाहतुकीने कृपा केली तर). शहाजीराजांनी इथे दरबार भरवला, कवी-पंडित पोसले. जिजाबाई आणि शिवाजीराजेही काही काळ इथे राहून पुण्याला गेले. एवढा संसार इथे झाला, पण समाधी एकाचीही नाही. थोरले चिरंजीव संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात पडले. स्वतः शहाजीराजे माघ शुद्ध पंचमीला, 23 जानेवारी 1664 रोजी, शिकारीत घोड्यावरून पडून गेले. ते गाव होदिगेरे, आजच्या दावणगेरे जिल्ह्यातल्या चन्नगिरी तालुक्यात.

होदिगेरेची समाधी साधी आहे. घुमट नाही, शिखर नाही. उघड्यावरचा दगडी चौथरा. आनेकलच्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या वडिलांसाठी बांधला असता, त्याहून फार निराळा नाही. स्वराज्यसंस्थापकाचा बाप म्हणून तिथे मोठी वास्तू हवी असे अनेकांना वाटते. मला तो चौथराच बरोबर वाटतो. शहाजीराजे परमुलखात, वाटेत गेले. समाधीही तसेच सांगते.

पुढची पिढी सह्याद्रीत राहिली, तरी समाध्या पांगलेल्याच. सईबाई 1659 मध्ये राजगडावर वारल्या, त्यांची समाधी पायथ्याच्या पाल खुर्दला. जिजाबाई राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, 17 जून 1674 रोजी पाचाडला. शिवाजी महाराज 1680 मध्ये रायगडावर. संभाजी महाराजांची हत्या 1689 मध्ये, समाधी भीमाकाठी. राजाराम महाराज 1700 मध्ये सिंहगडावर गेले. बाप-लेक किंवा नवरा-बायको शेजारी आहेत असे क्वचितच. जिथे मोहीम, वेढा, नाहीतर आजार गाठेल तिथे चिता रचली गेली. रायगडची समाधीदेखील पुढे इतकी दुर्लक्षित झाली की 1895 मध्ये टिळकांना तिच्यासाठी निधी उभारावा लागला आणि जीर्णोद्धार पुरा व्हायला 1926 उजाडले.

बंगळुरूची शाखा मात्र लवकर स्थिरावली. शहाजीराजांचे धाकटे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या कारकिर्दीतला 1669 चा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळात आहे. ते तंजावरला गेले, गादी तिथे बसली आणि घराण्याचे स्मशानही तिथेच झाले. त्याला राजागोरी म्हणतात. 1855 मध्ये शेवटचा राजा निपुत्रिक गेला आणि इंग्रजांनी संस्थान खालसा केले.

महाराष्ट्रात असे घरचे स्मशान व्हायला शाहू महाराज यावे लागले. 1708 मध्ये ते साताऱ्यास गादीवर बसले. आजोबा-चुलत्यांसारखी धावपळ त्यांच्या नशिबी नव्हती. स्वाऱ्या पेशव्यांनी केल्या, छत्रपती साताऱ्यात राहिले. गावापासून जवळच कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली. मोगलांच्या कैदेतून 1719 मध्ये सुटून आलेल्या येसूबाई, 1749 मध्ये गेलेले शाहू महाराज, 1761 मध्ये गेलेल्या ताराबाई, सगळ्यांचा शेवट इथे. एकाच गादीसाठी हयातभर भांडलेले चुलती-पुतण्याच्या दोन फळ्यांतले लोक अखेर एकाच वाळवंटात आले. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचेही स्मारक माहुलीत आहे. घरच्या स्मशानात घरचे कुत्रे हवेच.

नदीकाठ पवित्र खरा, पण पुराला पावित्र्य कळत नाही. माहुलीच्या समाध्या गाळात जात राहिल्या, पाणी उतरले की वर येत राहिल्या. येसूबाईंची समाधी नेमकी कोणती, हे तर अलीकडे कागदपत्रे धुंडाळून ठरवावे लागले. राजधानीपासून हाकेच्या अंतरावर असून ही गत.

आणि घर स्थिरावले म्हणावे तर पुन्हा पांगले. पदच्युत प्रतापसिंह महाराज 1847 मध्ये काशीला वारले. कोल्हापूरचे तरुण राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये गेले. बरोबरच्या मंडळींनी तिथेही संगम शोधला. आर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात तिथे दहन झाले. 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली, आणि जवळच्या पुलाला फ्लोरेन्सचे लोक आजही ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. समाधीची निगा म्हणाल तर ती माहुलीपेक्षा बरी असावी, हे आपल्याला शोभत नाही.

बंगळुरूत नोकरीला असलेली हजारो मराठी कुटुंबे दिवाळीला गाडीने पुण्याकडे निघतात. त्या एकाच महामार्गावर दावणगेरेही लागते आणि साताराही. दावणगेरेला वाट वाकडी केली तर होदिगेरे, साताऱ्याला केली तर माहुली. यंदा जाताना एकीकडे आणि येताना दुसरीकडे थांबा.