सुपारी देताना सगळं बोलून घ्या

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांवर लग्नांची बोलणी सुरू होतात. तांदूळ किती, कांदे किती, भांडी कुणाकडून आणायची, हे सगळं आपण बायका बोटांवर मोजून सांगतो. पण वाजंत्री ठरवायची वेळ आली की "ते पुरुषमाणसं बघतील" म्हणून सोडून देतो. आज त्याविषयीच बोलू या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीचं लग्न होतं. हळदीसाठी बँजो पार्टीला सुपारी दिली होती. फोनवर बोलणं झालं आणि पाच हजार रुपये बयाणा पाठवला. पार्टी संध्याकाळी सहाला येणार अशी सगळ्यांची समजूत. ती आली नऊला. आल्यावर म्हणाले, गाडीभाडं वेगळं लागेल. पाड्यावर वीज ये-जा करत होती आणि जनरेटर कुणी आणायचा हे ठरलंच नव्हतं. वाजवायला सुरुवात होते न होते तोच दहा वाजले आणि बंद करावं लागलं. ताई रडायला आली. ते वाजवणारेही चिडले होते. त्यांची पण रात्र फुकट गेली होती.

नंतर आम्ही गटाच्या बैठकीत विचार केला, चूक कुणाची? दोन्हीकडची. आपण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून आधी हे समजून घेऊ की कोणाला बोलावलं की काय लागतं.

सनई हवी असेल तर एकटा सनईवाला पुरत नाही. एकजण सनई वाजवतो, दुसरा मागे सूर धरतो आणि तिसरा संबळ वाजवतो. संबळ म्हणजे जोडीचं वाद्य, त्यातली एक काठी टोकाला वाकडी असते. म्हणजे किमान तीन माणसं. तिघांचा मेहनताना, तिघांचं जेवण आणि तिघांचा प्रवास धरावा लागतो. सनई फुंकून वाजवायची असते, म्हणून मध्ये विसावाही द्यावा लागतो. पण तिला वीज लागत नाही, आणि मांडवात माणसांचं बोलणंही ऐकू येतं.

बँजोचं तसं नाही. आपण ज्याला बँजो म्हणतो तो बुलबुलतरंगाच्या जातीचा. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. हे वाद्य मूळ जपानकडून आपल्याकडे आलं. आता ते स्पीकरला जोडतात, सोबत कीबोर्ड आणि ढोल-ताशे असतात. आठ-दहा माणसं, गाडी आणि वीज लागते. डीजेला माणसं कमी लागतात, पण वीज सगळ्यात जास्त.

वसईकडच्या ख्रिस्ती लग्नात आणखी वेगळी पद्धत. तिथे मिस्सा मराठीतून होते आणि चर्चमध्ये ऑर्गन किंवा कीबोर्ड वाजवणारा असतो. कोणत्या वेळी कोणतं गीत, हे आधी ठरवून फादरना दाखवायचं असतं, कारण उपासनेत कुठलंही गाणं चालत नाही. गाणाऱ्यांबरोबर तालीम करायची असेल तर तिचाही वेळ धरावा लागतो. ही गोष्ट आपणही उचलण्यासारखी आहे. हळदीला काय वाजवायचं, नवरी निघताना काय, वरातीत काय, याची यादी आधीच द्यावी. नको ती गाणीही सांगून ठेवावीत. लेकीसुना मांडवात असताना भलतंच गाणं लागलं की मग तोंड लपवायची वेळ येते.

आता सुपारी देताना काय काय बोलायचं ते सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिलं, तारीख आणि वेळ. "संध्याकाळी या" असं सांगू नका. "सहाला पोचायचं, साडेसहाला सुरू, दहाला बंद" असं सांगा.

दुसरं, किती माणसं येणार. जेवण त्यावर ठरतं.

तिसरं, पैसे. एकूण किती, बयाणा किती, उरलेले कधी. आमचा अनुभव असा की पाव हिस्सा बयाणा द्यावा आणि बाकीचे काम झालं की त्याच रात्री द्यावेत. "उद्या या" म्हणून माणसाला फेऱ्या मारायला लावू नये.

चौथं, प्रवास. कसाऱ्यापर्यंत लोकल येते, पण पुढे पाड्यापर्यंत गाडी लागते. मुरबाडला तर रेल्वेच नाही. गाडीभाडं ठरलेल्या पैशांत धरलं आहे की वेगळं? रात्री उशीर झाला तर झोपायची सोय कोण करणार?

पाचवं, वीज आणि जनरेटर कुणाचा, डिझेल कुणाचं.

सहावं, लग्न पुढे गेलं तर काय. घरात कुणी वारलं, अवकाळी पाऊस आला, तर बयाणा परत मिळणार की पुढच्या तारखेला धरणार? आणि पार्टीच आली नाही तर? तेव्हा बयाणा पूर्ण परत, हे स्पष्ट बोलून घ्या.

हे सगळं एका कागदावर लिहा. दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्या, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. बयाणा फोनवरून पाठवला तर सोबत "लग्नाचा बयाणा" असं लिहा. यात अविश्वास नाही. बचतगटात आपण सख्ख्या बहिणीचंही कर्ज वहीत लिहितोच ना?

दहा वाजताची गोष्टही नीट समजून घ्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर किंवा वाद्य वाजवता येत नाही. शासन वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सूट देतं, पण ती सणांसाठी असते, आपल्या घरच्या लग्नासाठी नाही. दिवसासुद्धा लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, त्यासाठी पोलीस ठाण्यात आधी अर्ज करा. वस्तीत दिवसाच्या आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. घरात बाळंतीण असते, म्हातारं माणूस असतं, परीक्षेचं पोर असतं. त्यांचाही विचार करायला हवा.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो.

त्याच लग्नात बँजोच्या आधी आणि नंतर, दोन दिवस एक आजी गात होती. वारली लग्नात धवलेरी असते, तीच गाणी म्हणत लग्न लावते. आगरी-कोळ्यांकडे धवलारीण असते. देवचौक लिहिताना, हळद लावताना, प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि ते सगळं पाठ. कुठे लिहिलेलं नाही. बँजो उशिरा आला म्हणून हळद अडली नाही. ही आजी नसती तर लग्नच अडलं असतं.

बँजोवाल्यांनी पैशांवरून वाद घातला, म्हणून त्यांना पैसे मिळाले. आजीला आम्ही लुगडं आणि नारळ दिला, पाया पडलो आणि मोकळे झालो. दोन दिवसांनी ती आमच्यातल्या एकीला भेटली. भेंडी खुडायला निघाली होती. बोलता बोलता म्हणाली, "दोन खाडे झाले गं, दुकानदाराची उधारी राहिली." आम्ही म्हटलं, आजी, मग मागायचं होतं. ती म्हणाली, "लेकीच्या लग्नाला पैसं कसं मागू?"

आम्हाला फार लागलं ते. २०२५-२६ सालासाठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे साध्या मातीकामाचेही दोन दिवसांचे ६२४ रुपये झाले. आणि रात्र जागून लग्न लावणाऱ्या बाईला आपण रोजही धरत नाही! बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, ते असं.

तेव्हापासून आमच्या गटाने ठरवलं आहे. घरात लग्न निघालं की खर्चाच्या यादीत धवलेरीचे पैसे आधी लिहायचे, बँजोचे नंतर. लुगडं-नारळ हा मान, तो वेगळा. पैसे हा मेहनताना, तो वेगळा. काही सासवा म्हणाल्या, देवाच्या गाण्याला पैसे देणं बरं दिसत नाही. आम्ही विचारलं, भटजी दक्षिणा घेतात ते बरं दिसतं ना? मग हिचंच काय?

आणखी एक कारण आहे. राज्य शासन ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देतं, त्या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. २०२४ पासून ते महिना ५००० रुपये झालं. वय पन्नासच्या पुढे आणि निदान पंधरा वर्षं कलेत काम, या त्यातल्या मुख्य अटी. उत्पन्नाची अटही आहे. नीट चौकशी पंचायत समितीत करा. पण तिथे पुरावा मागतात. आपल्या धवलेरीने आयुष्यभर शेकडो लग्नं लावली, तरी तिच्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नसते. ती चिठ्ठी कुणी द्यायची? आपणच. कोणत्या तारखेला, कुणाच्या लग्नात, किती दिवस गायली, किती पैसे दिले, हे लिहून, सही करून तिच्या हातात द्या. सोबत गातानाचा एक फोटो द्या. सनईवाल्या काकांनाही तशीच चिठ्ठी द्या.

मागच्या हंगामात आमच्या गटात दोन लग्नं झाली. दोन्हीकडे सहाची वेळ लिहिली होती, एक पार्टी सहाला आली, दुसरी साडेसहाला. वाद झाला नाही. आणि दोन्ही लग्नांत आजीच गायली. तिच्याकडे आता दोन चिठ्ठ्या आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने त्या आधारकार्डाजवळ ठेवल्या आहेत.

तुमच्या पाड्यावर कोण गातं, कोण वाजवतं, त्यांची नावं येत्या बैठकीत गटाच्या वहीत लिहून काढा. एवढं कराल ना?