मोतीबिंदूनंतर डोळ्याची उघाडी बुजली तर

घणसोलीच्या आमच्या गटातल्या एका मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लेन्स बसली. चौथ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. घरच्यांनी पित्त समजून लिंबू-सोडा दिला. मावशी मात्र खूश! लांबचं धूसर झालं होतं, पण तांदळातला खडा बिनचष्म्याचा दिसत होता. खरं तर तीच धोक्याची खूण होती. आतली लेन्स पुढे सरकली होती.

डॉक्टर म्हणाले, ‘मॅलिग्नंट ग्लॉकोमा’. सून रडायलाच लागली, कॅन्सर झाला म्हणून. बायांनो, हा कॅन्सर नाही. १८६९ साली फॉन ग्रेफे या जर्मन डॉक्टरांनी हे नाव दिलं, कारण तेव्हा कुठलाच उपाय लागू पडत नसे. हा काचबिंदूचा प्रकार आहे. क्वचितच होतो, पण नजर लवकर नेतो.

आपल्या खारजमिनीचा बांध आठवा. आतलं पाणी उघाडीतून खाडीत जातं. डोळ्यातही सतत पाणी तयार होतं आणि पुढे येऊन, रंगीत पडद्याच्या कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. या आजारात ते मागच्या जेलीकडे वळतं. जेली फुगते, लेन्स आणि पडदा पुढे रेटते, उघाडी बुजते, दाब चढतो. ज्यांचा डोळा मुळात आखूड, किंवा ज्यांना आधीच कोन बंद होण्याचा काचबिंदू आहे, त्यांना धोका जास्त.

आधी बाहुली मोठी करणारे अॅट्रोपिनचे थेंब, दाब उतरवणाऱ्या गोळ्या, सलाईनमधून मॅनिटॉल. बऱ्याच जणींचं एवढ्यावर भागतं. घरातले जुने काचबिंदूचे थेंब मात्र घालू नका. बाहुली लहान करणारे असले तर आजार वाढतो. औषधानं भागलं नाही, तर लेसरनं मागच्या पातळ पडद्याला भोक पाडतात.

तरीही नाही जमलं तर ऑपरेशन, त्याला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक मिलिमीटरहून बारीक छिद्रं पाडून पुढची जेली काढतात आणि मागून पुढे पाण्याला कायमची वाट करून देतात. बसवलेली लेन्स सहसा काढावी लागत नाही. मावशींचं हेच झालं. उशीर झाल्यानं थोडी नजर गेली, बाकीची वाचली.

आता दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय. त्यालाही हाच धोका असतो, म्हणून पहिल्या ऑपरेशनचे कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवलेत.