काचेची फळी : दिसायला नाजूक, लावायची जपून

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट ५०० चौरस फुटांच्या घरात! नवे घर आले की ते सजवण्याची हौसही आलीच, आणि ती असावीच. जुन्या घरांत कोनाडा असे, फडताळ असे, भांड्यांची मांडणी असे. आता कोऱ्या भिंतीवर अनेकांना काचेची फळी हवी असते. ना चौकट, ना नक्षी. दोन ब्रॅकेट आणि एक काच. ती उजेड अडवत नाही, एक फडके फिरवले की स्वच्छ होते. लहान घराला ती शोभून दिसते, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु ती माणसांच्या वावरात भिंतीला टांगलेली काच आहे, हे विसरून चालणार नाही.

पहिली गोष्ट काचेची. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात. टफन्ड काच ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. ती साध्या काचेच्या सुमारे चौपट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे बारीक, बोथट दाणे होतात. मुले असलेल्या घरात हीच काच घ्यावी. मात्र टफन्ड झाल्यावर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून माप आधीच नक्की करावे. दुकानदार ‘टफन्ड आहे’ म्हणत समोरच कापून देऊ लागला, तर ती टफन्ड नाही हे ओळखावे. बिलावर तसे लिहून घ्यावे. कडा घासून गुळगुळीत केलेल्या हव्यात.

दुसरी गोष्ट भिंतीची. पक्क्या विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत गिट्टी आणि स्क्रू घट्ट बसतात. नव्या इमारतींत पुष्कळदा हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत साधी गिट्टी सैल होते. त्यासाठी वेगळी गिट्टी मिळते, ती मागून घ्यावी. केवळ प्लास्टरवर काहीही टांगू नये. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल चालवू नये, तेथे आत वायर असण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट वजनाची. दोन फूट लांब, सहा इंच रुंद आणि आठ मिलिमीटर जाड काचेचेच वजन जवळजवळ दोन किलो भरते. त्यावर ठेवलेल्या वस्तूंचा भार वेगळा. फळी जितकी रुंद आणि वस्तू जितकी पुढच्या कडेला, तितका वरचा स्क्रू भिंतीतून जास्त ओढला जातो. म्हणून फळी अरुंद घ्यावी व जड वस्तू भिंतीलगत ठेवावी. लहानशी मूर्ती, तसबीर, मुलाला शाळेत मिळालेला कप, एवढे तिला पुरे. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाडजूड खंड मात्र लाकडी किंवा लोखंडी कपाटातच ठेवावेत. ग्रंथांची रांग ही काचेच्या फळीची कामगिरी नव्हे.

आणखी एक सांगतो. पाळण्यावर, अंथरुणाच्या उशाशी किंवा दाराच्या मागे ही फळी लावू नये. टफन्ड काचेचा कोपरा दुखावला तर सगळी काच एकदम फुटते. तेव्हा कोपऱ्याला धक्का लागेल अशी जागा टाळावी. दोन-तीन महिन्यांनी स्क्रू हलत नाहीत ना, हे हाताने पाहावे.

काचेच्या फळीची शोभा तिच्यावरच्या मोकळ्या जागेत असते. तीवर दहा वस्तू कोंबल्या की शोभाही जाते आणि धोकाही वाढतो. कष्टाच्या पैशाने उभे केलेले घर सुंदर दिसावे, पण त्या सौंदर्याखाली आपले मूल निर्धास्त खेळले पाहिजे. भगिनींनो, खरेदीला जाताना ही तीन नावे लक्षात ठेवा : काच, भिंत आणि वजन.