जुन्या लष्करी विजारींच्या प्रतिकृती : निवड आणि पारख

सैनिकाने उतरवून ठेवलेला वेष कालांतराने नागरिकाच्या अंगावर येतो, हा वस्त्रांच्या इतिहासातील नेहमीचा क्रम आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतील आणि युरोपातील लष्करी कोठारांतून शिलकी कपडे स्वस्त भावाने बाहेर पडले. विद्यार्थी, कारागीर, मजूर, चित्रकार अशा नाना प्रकारच्या लोकांनी ते वर्षानुवर्षे वापरले. त्यांत विजारींना विशेष मागणी असे, कारण त्या फाटता फाटत नसत. आज त्या अस्सल विजारी दुर्मिळ होत चालल्या आहेत. ज्या मिळतात त्यांपैकी पुष्कळशा लहान मापाच्या वा विरलेल्या असतात, आणि चांगल्या असतील त्यांची किंमत संग्राहकांनी वाढवून ठेवलेली असते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांच्या प्रतिकृती निघू लागल्या.

प्रतिकृतींच्या या जगात दोन टोके दिसतात. एका टोकाला जपानमधील काटेकोर कारागिरी आहे. टोकियोच्या टोयो एंटरप्राइज या कंपनीने १९९३ साली ‘बझ रिकसन्स’ या नावाखाली जुन्या अमेरिकन लष्करी कपड्यांच्या प्रतिकृती काढण्यास प्रारंभ केला, आणि जुन्या कापडाची वीण, टाके, बटणे व चिठ्ठ्या पुन्हा घडवण्यापर्यंत हा ध्यास गेला. साहजिकच या विजारींच्या किमती सामान्य मिळकतीच्या माणसाला परवडत नाहीत. दुसऱ्या टोकाला केवळ वेषभूषेपुरत्या शिवलेल्या, दोन धुण्यांत रया जाणाऱ्या विजारी आहेत. या दोहोंच्या मध्ये स्वस्त परंतु टिकाऊ अशा मालाचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. चित्रात यांतील सर्वच विजारी सारख्या दिसतात. मग त्यांतील बरी कोणती आणि वाईट कोणती, हे ओळखावे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुळात जुनी विजार चांगली का होती, हे आधी पाहिले पाहिजे. तिला कोणत्याही नामांकित शिंप्याचा हात लागलेला नव्हता. तिचा चांगुलपणा एका सरकारी कागदातून आला होता, आणि तो कागद मोठ्या अनुभवानंतर तयार झाला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा हजारो गणवेश घाईघाईने शिववून घेण्यात आले. काही कंत्राटदारांनी चिंध्या पिंजून पुन्हा दाबलेल्या लोकरीचे कापड वापरले. या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. पावसात भिजताच ते गणवेश सैनिकांच्या अंगावर उसवू लागले. लोकांत संतापाची लाट उसळली, आणि ‘शॉडी’ हा शब्द इंग्रजीत निकृष्ट मालाचे विशेषण होऊन बसला.

पुढे पुरवठ्याची व्यवस्था हळूहळू बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिलाडेल्फिया येथील लष्करी पुरवठा कोठारातून प्रत्येक कपड्याचे तपशीलपत्र निघत असे. कापडाचे वजन, वीण, रंगाची छटा, शिवणीचा प्रकार हे सारे त्यात नमूद असे. तीच विजार अनेक कारखाने शिवीत, पण सर्वांना नियम एकच. विजारीच्या आत लावलेल्या चिठ्ठीवर कंत्राटाचा क्रमांक आणि कंत्राटदाराचे नाव छापलेले असे, म्हणजे दोष आढळला तर जबाबदारी कोणाची हे उघड होते. तपासनीस माल पाहून तो स्वीकारी वा परत करी. सारांश, त्या विजारीच्या पाठीशी तपशीलपत्र आणि तपासनीस हे दोन राखणदार उभे होते. आजच्या प्रतिकृतीत विजारीचे रूप उतरते, चिठ्ठीही उतरते. राखणदार मात्र येत नाहीत. स्वस्त प्रतिकृती घेताना नेमका येथेच धोका आहे.

म्हणून तपासणीचे काम ग्राहकाने स्वतःच पत्करावे लागते, आणि त्याचा आरंभ कापडापासून होतो. खाकी रंगाचा उगम आपल्याच उपखंडातील आहे. १८४६ मध्ये पेशावर येथे हॅरी लम्सडेन याने ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभारली, आणि तिच्या धुळकट वेषापासून खाकीची परंपरा सुरू झाली. हा शब्दही ‘खाक’ म्हणजे धूळ या फारसी शब्दावरून आला. आरंभीचे रंग कच्चे असत आणि एकाच पलटणीत अनेक छटा दिसत. पक्क्या खाकी रंगाची कृती १८८४ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक गॅटी याने पेटंट करून घेतली, आणि त्यानंतर एकसारख्या छटेचे खाकी कापड मोठ्या प्रमाणावर निघू लागले. आजही प्रतिकृतीचा रंग किती पक्का आहे, हे पाहण्यासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने विजारीची आतली बाजू घासावी. फडके रंगले तर पहिल्याच धुण्यात इतर कपडेही रंगतील, हे जाणावे.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकाची उन्हाळी खाकी विजार ८.२ औंस वजनाच्या ट्विलची असे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २७८ ग्रॅम. त्यासाठी आखूड तंतू काढून विंचरलेले सूत वापरीत, त्यामुळे कापड दाट असूनही नितळ राही. तिच्या स्वस्त प्रतिकृतीत बहुधा दोन बदल आढळतात. कापड हलके असते आणि त्यात ताणल्या जाणाऱ्या धाग्याची भेसळ असते. असा धागा अंगावर प्रथम सुखद वाटतो, परंतु कालांतराने गुडघ्यापाशी कापड फुगते आणि जुन्या ट्विलची सरळ पडणारी घडी त्याला येत नाही. या प्रकारात निर्भेळ सुताचे, चौरस मीटरला निदान २५० ग्रॅम वजनाचे कापड पाहून घ्यावे.

दुसरा प्रकार कष्टाच्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या विजारींचा. महायुद्धात त्या हेरिंगबोन विणीच्या, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या उलटसुलट तिरक्या रेषांच्या कापडाच्या असत. ही खरी वीण कापडाच्या दोन्ही बाजूंना दिसते. रेषा एकाच बाजूला दिसत असतील, तर त्या छापलेल्या आहेत असे समजावे. १९५२ पासून ‘ओजी-१०७’ ही हिरवी विजार आली. हे नाव तिच्या रंगाच्या क्रमांकावरून पडले. पुढच्या बाजूला वरून शिवलेले मोठे खिसे ही तिची खूण. तिचे कापड ८.५ औंसाचे सुती सॅटीन होते. सॅटीनची एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे नितळ असते. विजार उलटी करून पाहावी. असा फरक नसेल आणि बाहेरून ठळक तिरक्या रेषा दिसत असतील, तर ते साधे ट्विल होय. साधे ट्विल वाईट असते असे नव्हे, पण सॅटीनच्या नावाने त्याचे जादा पैसे देऊ नयेत. १९७५ पासून खुद्द अमेरिकन लष्करानेच सूत व पॉलिएस्टर यांचे मिश्र कापड आणले. त्यामुळे त्या नंतरच्या विजारीची प्रतिकृती मिश्र कापडाची असली तर ती मुळाला धरूनच आहे. १९५२ च्या नमुन्याचे नाव सांगणारी विजार मिश्र कापडाची निघाली तर मात्र ती नावाशी प्रामाणिक नाही. खात्री करून घ्यायची असेल तर आतल्या कडेचे दोन धागे काढून जाळावेत. सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गुठळी होते.

कापडानंतर शिवण. चांगल्या लष्करी विजारीच्या मुख्य शिवणींत कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून त्यांवर दोन समांतर टाके घातलेले असतात. अशी शिवण आतून बाहेरून सारखी स्वच्छ दिसते आणि सुटा धागा कोठेच राहत नाही. स्वस्त विजारीत कडा नुसती ओव्हरलॉक करून सोडतात. बाहेरून हा भेद दिसत नाही, म्हणून विजार आतून पाहिल्याखेरीज घेऊ नये. खिशांच्या कोपऱ्यांवर दाट टाके आहेत की नाहीत, खिशाचे आतले कापड पातळ तर नाही, काजांचे धागे सुटे तर नाहीत, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. कारण विजार झिजून फाटण्याआधी पुष्कळदा तिचा खिसा फाटतो. घरपोच मागवलेली विजार परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एवढी पाहणी सहज होऊ शकते.

तिसरी गोष्ट मापाची, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. महायुद्धकाळातील विजार बेंबीजवळ, कमरेच्या खऱ्या जागी नेसली जाई. कमरपट्टीपासून जांघेच्या शिवणीपर्यंतची पुढची उंची बारा इंचांच्या आसपास असे. आजच्या अनेक विजारींत ती नऊ-दहा इंच असते आणि त्या कटीवर टेकतात. परिणामी आजची बत्तीस मापाची विजार बसणाऱ्या माणसाला जुन्या नमुन्याची बत्तीस मापाची विजार घट्टही वाटू शकते आणि सैलही, कारण दोन्ही मापे शरीराच्या निरनिराळ्या जागांची आहेत. मांडीचा घेर जुन्या विजारीत मोठा असे, कारण सैनिकाला गुडघे टेकणे, रांगणे, चढणे हे सर्व करायचे होते. स्वस्त प्रतिकृती करणारे कारखाने पुष्कळदा खिसे जुने ठेवतात आणि पाय आजच्या फॅशनप्रमाणे अरुंद करतात. अशी विजार दिसते लष्करी, पण मांडी घालून बसताना तिचे खरे स्वरूप कळते.

रणांगणावरील थंडीच्या विजारींना आणखी एक नियम लागू होतो. १९५१ आणि १९६५ च्या नमुन्यांच्या विजारी आतल्या अस्तरावर अथवा दुसऱ्या विजारीवर चढवण्यासाठी बेतलेल्या होत्या. त्यांतील ‘मध्यम’ मापात ३१ ते ३५ इंच कमरेची माणसे सामावत आणि बाजूच्या पट्ट्यांनी ती आवळून घेत. अशी विजार नुसती नेसली तर ती ढगळ होणारच. तो दोष प्रतिकृतीचा नव्हे. उलट तिची प्रतिकृती अंगाला चपखल बसली, तर तिने मुळाचा हेतू सोडला असे म्हणावे लागेल.

कापड आटण्याचा हिशेबही धरला पाहिजे. सॅनफोर्ड क्लुएट याने १९३० साली पेटंट केलेल्या यांत्रिक कृतीने कापड आधीच आटवून घेतले, की धुण्यात ते फारच थोडे आटते. तशी प्रक्रिया न केलेले दाट सुती कापड सात ते दहा टक्के आटू शकते. आतील लांबी ३२ इंच असलेली विजार पहिल्या धुण्यानंतर एकोणतीस इंचांवर येऊ शकते. म्हणून विजार धुण्यापूर्वी तिचे पाय कापून घेऊ नयेत. माप ठरवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग असा, की स्वतःला नीट बसणारी एखादी विजार जमिनीवर पसरावी, तिची कंबर, पुढची उंची, मांडी, पायाचे तोंड आणि आतील लांबी ही पाच मापे कागदावर उतरवावीत, आणि विक्रेत्याने दिलेल्या मापांशी ताडून पाहावीत. जो विक्रेता केवळ कमरेचा आकडा सांगतो आणि बाकीची मापे देत नाही, त्याच्याकडून विजार घेणे म्हणजे जुगार होय.

खर्चाचा विचार करता, मर्यादित पैशांत पहिला पैसा कापडावर, दुसरा शिवणीवर आणि शेवटचा बटणे व चिठ्ठीवर पडावा. स्वस्त बाजारात हा क्रम नेमका उलटा असतो. चिठ्ठी हुबेहूब, बटणावर तेरा तारे, आणि कापड मात्र पडद्याचे! बटणे पुढे केव्हाही बदलता येतात, बेताची कंबर शिंप्याकडून सारून घेता येते, लांबी कमी करता येते. पण वरची उंची वाढवता येत नाही आणि पातळ कापड दाट करता येत नाही. जे मागाहून दुरुस्त होणार नाही, ते आधी पारखावे, हे सूत्र येथे उपयोगी पडते.

नव्या विजारीला जुनी भासवण्याचा एक धंदाही या क्षेत्रात चालतो. चिठ्ठी धुऊन फिकी करतात, कडा खरवडतात, आणि प्रतिकृती अस्सल म्हणून संग्राहकाच्या गळ्यात बांधतात. प्रतिकृतीला प्रतिकृती म्हणून विकण्यात कोणताही कमीपणा नाही. अप्रामाणिकपणा आहे तो नाव बदलण्यात. भारतात आणखी एक मर्यादा सांभाळावी लागते. आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने, सैनिक नसताना सैनिकी पोशाख घालणे हा गुन्हा आहे. १८६० च्या दंडविधानात तो होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. भारतीय लष्कराचा जो नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ रोजी सेनादिनी लोकांसमोर आला, त्याची रचना लष्कराने स्वतःच्या नावे नोंदवून घेतली आहे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या परदेशी विजारीची प्रतिकृती नेसणे वेगळे, आणि आज सीमेवर उभ्या असलेल्या जवानाच्या वेषाची नक्कल बाजारातून घेणे वेगळे.

जुन्या विजारीची कीर्ती तिच्या रंगावर वा खिशांवर उभी नव्हती. १८६१ च्या पावसात भिजलेल्या सैनिकांची पाळी पुन्हा कोणावर येऊ नये, यासाठी कोणीतरी नियम लिहिले आणि कोणीतरी प्रत्येक शिवण उलटून पाहिली, म्हणून ती टिकली. आज तो तपासनीस दुकानात उभा नसतो. मोजपट्टी, ओले फडके आणि विजार उलटून पाहण्याची सवय एवढी साधने हाती असली, तर सामान्य ग्राहक त्याचे काम स्वतः करू शकतो. आणि तसे केल्यास कमी किमतीची विजारही त्याला अनेक वर्षे साथ देईल.