युद्धाचे बिल कोणाच्या नावे?

२० मार्च २००३ रोजी अमेरिकेने इराकवर आक्रमण केले. कारण सांगितले महाविनाशक अस्त्रांचे. अस्त्रे सापडलीच नाहीत. फौजा मात्र डिसेंबर २०११ पर्यंत तेथे ठाण मांडून राहिल्या. त्या पावणेनऊ वर्षांनी जग सुरक्षित झाले काय? आम्ही म्हणतो, उलटेच झाले.

मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका हुकुमाने इराकी सैन्य बरखास्त केले. लाखो शस्त्रधारी बेकार झाले. त्यांतले काही अधिकारी पुढे 'इसिस'ला मिळाले. जून २०१४ मध्ये मोसूल पडले आणि तेथे बांधकामावर राबणारे आपले मजूर पळविले गेले. त्यांतले ३९ जण मारले गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले, ते मार्च २०१८ मध्ये! पोटासाठी गेलेल्या या माणसांनी कोणाचे काय बिघडविले होते?

पैशाचेही तेच. अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स यांनी २००८ मध्ये या युद्धाची किंमत ३ लाख कोटी डॉलर काढली. युद्ध कर्जावर चालले आणि त्याच २००३ मध्ये तेथील श्रीमंतांना करसवलत मिळाली. फेड कष्टकऱ्यांच्या माथी!

रोहिणीच्या पाण्यासाठी कोलियांशी युद्ध करण्यास सिद्धार्थाने शाक्य संघात विरोध केला, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सांगितले आहे. बहुमत विरोधात असूनही तो डगमगला नाही. युद्धाचे ढोल वाजू लागले की बिल कोणाच्या नावे फाटणार, हे विचारण्याचे तेच धैर्य आम्हाला हवे.