मुखेडच्या माळावरचे काढे आणि वनस्पती-चहा

वनस्पतीचा गुण पाण्यात उतरवण्याच्या तीन रीती आयुर्वेदाच्या शार्ङ्गधर संहितेत दिल्या आहेत. भरडलेल्या द्रव्यात सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवले की काढा होतो. चौपट उकळते पाणी ओतून, चुरून गाळले की फांट होतो. सहापट गार पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळले की हिम होतो. उकळत्या पाण्यात गवती चहाची पात टाकून वर झाकण ठेवतात तो फांट, आणि उन्हाळ्यातले धने-जिऱ्याचे पाणी हा हिम. गवती चहाचा वास मुख्यतः सिट्राल या उडून जाणाऱ्या द्रव्याचा असल्याने ती पात फार वेळ उकळू नये. साल, मूळ आणि खोड मात्र आटवावे लागते. आटवलेल्या घोटभर काढ्यात पेलाभर फांटापेक्षा कितीतरी अधिक औषध उतरलेले असते, आणि सुरक्षिततेचा विचार इथूनच सुरू होतो.

मुखेड तालुका नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, लातूरच्या सीमेला लागून, बालाघाटच्या टेकड्यांत आहे. अशा मुरमाड माळावर कमी पावसातही तग धरणारे झुडूप म्हणजे तरवड. नवरात्रात घटावर तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढते, आणि त्याची साल पूर्वापार कातडे कमावण्यासाठी वापरली जाते. तमिळनाडूत वाळलेल्या फुलांचे पेय मधुमेहावर घेतात. श्रीलंकेत तेच ‘रणवरा’ नावाने घरोघरी चालते. मधुमेही उंदरांमध्ये फुलांच्या अर्काने रक्तातील साखर उतरल्याचे प्रयोगांत दिसले आहे. पण माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचा आधार त्याला नाही, म्हणून तरवडाच्या भरवशावर साखरेची गोळी सोडणे घातक ठरते. गोळीसोबत घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरण्याची शक्यताही ध्यानात ठेवावी लागते. उंदरांवरच्याच एका प्रयोगात तरवडाच्या अर्कामुळे कार्बामाझेपिन या फिटच्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढले होते. फिटची गोळी घेणाऱ्याने हे पेय टाळलेले बरे.

तरवडापेक्षा मोठा धोका त्याच्या भाऊबंदाचा आहे. उकिरड्यावर आणि रस्त्याकडेला उगवणाऱ्या कासविंद्याची फुलेही पिवळीच. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, बिजनौरच्या आसपास, लहान मुले दरवर्षी एका गूढ आजाराने दगावत होती. कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर एकदम आघात होतो, हे कारण तेथील डॉक्टरांच्या अभ्यासातून पुढे आले. ओळखीची खूण पानांत आहे. तरवडाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी मोठी उपपर्णे टिकून राहतात, पर्णिका बोथट टोकाच्या असतात आणि शेंग चपटी, कागदासारखी पातळ असते. कासविंद्याच्या पर्णिका मोठ्या व टोकदार, आणि पान चुरगळले की उग्र वास येतो. खात्री नसेल तर फूल तोडू नये.

ओळखीचा हाच प्रश्न गुळवेलीच्या बाबतीत देशभर गाजला. 2020 मध्ये, करोनाच्या साथीत, आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या क्वाथात म्हणजे काढ्यात तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि काळी मिरी 1 भाग होती. 3 ग्रॅम चूर्ण 150 मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा, असे मापही ठरवून दिले होते. घराघरांत त्यात गुळवेलीची भर पडली आणि मापाचे बंधन सुटले. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमधील यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातील 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांचा अभ्यास मांडला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी, तसे या आजाराचे रूप बहुतेकांत होते. मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगून तिच्याशी साम्य असलेल्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवले. त्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात. ही चेतावणी खरीच आहे, पण मोठ्या अभ्यासात काही नमुने तपासून अस्सल गुळवेलच असल्याची खात्री केली होती. त्यामुळे सारा दोष चुकीच्या वेलीवर ढकलता येत नाही. थायरॉइडचा प्रतिकारशक्तीशी निगडित विकार, संधिवात किंवा यकृताचा जुना आजार असलेल्यांनी गुळवेल महिनोन्‌महिने घेऊ नये. डोळे पिवळे पडले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर काढा त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी.

नेहमीच्या इतर द्रव्यांत आल्याचा गुण सर्वांत भक्कमपणे सिद्ध झालेला आहे. गरोदरपणातील मळमळ त्याने कमी होते. अडुळशातील व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले. मात्र व्हॅसिसिन गर्भाशयाचे आकुंचन वाढवते, म्हणून गरोदर बाईला अडुळशाचा काढा देऊ नये. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम घटवते. बीपी असलेल्याला, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर, ते रोज घेणे मानवत नाही. बाजारात दालचिनी म्हणून बहुधा जाड सालीची कॅशिया मिळते. तिच्यातील कुमारिन जास्त प्रमाणात यकृताला बाधते. खऱ्या दालचिनीच्या पातळ साली एकात एक गुंडाळलेल्या असतात.

तुरट पेयांचा आणखी एक परिणाम मराठवाड्यात फार महत्त्वाचा आहे. त्यांतील टॅनिन आणि तत्सम द्रव्ये अन्नातील लोह बांधून ठेवतात. दुधाच्या चहाप्रमाणेच पुदिन्याचा चहाही जेवणासोबत लोहाचे शोषण बरेच घटवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी हेच ज्यांच्या लोहाचे साधन, त्यांनी असे पेय जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवावे. लोहाची गोळीही त्यासोबत गिळू नये.